मालकाचे नाव

महानंदा बिराजदारच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून अकरा महिने झाले होते. ‘राहून गेलं’ असं रणपिसे सर स्वतःशी म्हणत. पण राहून जातात ती कामं माणूस विसरलेला असतो, आणि हे पत्र ते एक दिवसही विसरले नव्हते. दोन हजार त्रेचाळीस साली पोस्टाने पत्र येणं हीच मुळात एक बातमी होती. कचेरीतल्या शिपायाने ते हातात देताना काळजीने विचारलं होतं, “सर, कोर्टाचं तर नाही ना?”

रेघांच्या वहीतून फाडलेली दोन पानं होती, निळ्या शाईत लिहिलेली.

“आदरणीय सर,

मी महानंदा म्हमाणे. आताची बिराजदार. तुम्ही मंगळवेढ्याला आठवी ‘ब’ला मराठी शिकवायला होता, तेव्हा खिडकीजवळ बसायचे. सरकारी फॉर्मच्या तळाला बारीक अक्षरात ‘भाषेविषयी सूचना: उ. ग. रणपिसे’ असं वाचलं आणि लिहायचं धाडस केलं.

सर, आमची बायकांची कंपनी आहे. आम्ही कडक भाकरी करतो. एकशे बारा जणी आहोत. फॉर्ममध्ये एक चौकट होती, ‘मालकाचे नाव’. आमच्याकडे मालक म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी आमच्या मालकांचं नाव लिहिलं, सिद्राम बसवंत बिराजदार. सगळ्याच संचालक बायकांनी आपापल्या मालकांची नावं घातली. गौराबाईला तर नाव सरळ लिहायची लाज वाटली, तिने चौकटीत उखाणा लिहिला: ‘कागदाच्या चौकटीत शाईचा ठिपका, मल्लिनाथरावांचं नाव लिहिते, साहेब मारा शिक्का.’ तो फॉर्म कॉम्प्युटरने परत पाठवला.

आता कॉम्प्युटर म्हणतो की कंपनी मालकांची आहे आणि मी नुसती नावाला आहे. सर, ही कंपनी मी एका तव्यावर सुरू केली. आमचे मालक टेम्पो चालवतात. त्यांना स्वतःला हसू येतं. पण बँकेला येत नाही.

त्या चौकटीत दुसरा कोणता शब्द हवा होता? आणि आता मी काय लिहू? उत्तराची वाट बघते.

तुमची विद्यार्थिनी,
महानंदा”

पत्र वाचून झाल्यावर सरांनी ते कुणाला न दाखवता घडी घालून खिशात ठेवलं. कारण तो शब्द त्यांचा होता.

शाळेची नोकरी तीन वर्षांत सुटल्यावर त्यांनी एका सरकारी परिभाषा कक्षात सगळं आयुष्य काढलं. इंग्रजी कायद्यांना मराठी शब्द द्यायचे, समितीपुढे ठेवायचे आणि समितीने ते नाकारले की गप्प बसायचं. लग्न केलं नाही. विचारायचं कुणाला आणि कसं, यातच ते वय निघून गेलं. निवृत्तीनंतर ‘खरी मालकी नोंदवही’ तयार करणाऱ्या नव्या प्राधिकरणाने त्यांना भाषेचे सल्लागार म्हणून बोलावलं. कंपनीच्या कागदांमागे जो खरा माणूस असतो, ज्याच्या खिशात शेवटी फायदा जातो आणि ज्याच्या शब्दावर कंपनी चालते, त्याला मराठीत काय म्हणायचं? समितीने सुचवलं होतं, ‘अंतिम हितलाभी स्वामी’. त्या दिवशी रणपिसे सर आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत उभे राहिले. “लोकांना कळेल असा शब्द का नको? मालक म्हणा. साधा आहे,” असं म्हणून लगेच खाली बसले. आणि काय आश्चर्य, शब्द मंजूर झाला! त्या संध्याकाळी त्यांनी पाव किलो पेढे आणून शेजाऱ्यांना वाटले. कशाचे, ते मात्र कुणाला सांगता आलं नाही.

पत्र आलं त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बुटांच्या खोक्यातली जुनी कार्डं काढली. मास्तरकीच्या दिवसांत गावोगावचे शब्द कार्डांवर टिपून ठेवायचा त्यांना नाद होता. ‘म’च्या गठ्ठ्यात ते कार्ड होतंच. त्यांच्याच किरट्या अक्षरात: ‘मालक (पु.) – मंगळवेढा, सांगोला भागात: नवरा. “आमचं मालक रानात गेल्यात.” महानंदा म्हमाणेची आई, पालकसभा, ऑगस्ट १९९९.’

म्हणजे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, लिहूनही ठेवलं होतं, आणि नेमक्या वेळी आठवलं नव्हतं. ज्या एका शब्दाने त्यांना वाटलं की आपला जन्म अगदीच फुकट गेला नाही, त्याच शब्दाने खिडकीजवळच्या त्या मुलीची कंपनी दुसऱ्याच्या नावावर चढवली होती. हे उत्तरात लिहायचं कसं? शिवाय नोंदणीदारांशी सल्लागारांनी खासगी पत्रव्यवहार करू नये असा नियम होता. सरांनी तो नियम घट्ट धरून ठेवला. कुणीतरी वरचा माणूस ही चूक दुरुस्त करीलच, असंही स्वतःला सांगितलं. असे अकरा महिने गेले.

*

“काका, इकडे या, एक गंमत दाखवते,” तरन्नुमने हाक मारली.

तरन्नुम मुजावर मिरजेची. ‘उगम’ या यंत्रणेची ती मुख्य अभियंता होती. अख्ख्या कचेरीत सरांना ‘काका’ म्हणणारी आणि त्यांच्या डब्यातलं लोणचं न विचारता घेणारी ती एकटीच.

उगमची गोष्ट थोडक्यात अशी. कंपनी कुणाची हे कागदावरून कळत नाही, हे सरकारला फार उशिरा उमगलं. एका कंपनीची मालक दुसरी कंपनी, दुसरीची तिसरी, तिसरी कुठल्याशा बेटावर नोंदलेली. आणि साखळीच्या टोकाला संचालक म्हणून कुणाचा तरी ड्रायव्हर किंवा स्वयंपाकी, ज्याला आपण संचालक आहोत हे दारात पोलीस आल्यावर समजतं. सह्या विकत मिळतात. होकार विकत मिळतात. मग काही संशोधकांनी उलटा विचार केला: विकत काय मिळत नाही? तर नकार. नामधारी माणूस पुढ्यात येईल त्या कागदावर सही करतो, तो काही अडवत नाही. पण प्रत्येक धंद्यात रोज काही बेत मरतात. मागणी तयार होते आणि पाठवली जात नाही. करार लिहिला जातो आणि अर्ध्यावर थांबतो. तो बेत कुणाच्या नजरेखालून गेल्यावर मेला? एका बेतावरून काहीच कळत नाही. पण असे दहा हजार मेलेले बेत आणि त्यांच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या, की लोखंडाचा कीस चुंबकाकडे वळावा तशा साऱ्या रेघा एका माणसाकडे वळतात. त्याचं नाव कुठल्याही कागदावर नसतं, पण त्याने ‘नको’ म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबतं. तोच खरा मालक.

उगमला संदेशांतला मजकूर वाचायची मुभा नव्हती. संदेश कधी गेला, कधी उघडला गेला आणि त्यानंतर काय थांबलं, एवढंच ते बघायचं. तेवढ्यावर त्याने दोन वर्षांत बडे बडे मासे जाळ्यात आणले होते.

अडचण होती ती लहान कंपन्यांची. त्यांचे नकार तोंडी असतात. तव्यापाशी उभं राहून एखादी म्हणाली, “ही खेप जायची नाही, भाकरी मऊ पडलीय,” तर त्याची वेळ कुठल्या यंत्रात नोंदली जाणार? म्हणून लहान कंपन्यांपुरतं उगम फॉर्मवरच्या उत्तराला प्रमाण मानायचं.

तरन्नुमने पडद्यावर राज्याचा नकाशा उघडला. सोलापूर, सांगली, धाराशिवकडच्या भागावर राखाडी ठिपक्यांची नुसती पेरणी झाली होती.

“या सगळ्या बायकांच्या कंपन्या. साडेनऊ हजार. उगम म्हणतं, यातल्या बहुतेक अध्यक्ष नामधारी आहेत, खरा मालक घरातला पुरुष. आणि गंमत म्हणजे आता ते फॉर्मवरही थांबत नाही. काही बायकांनी स्वतःचं नाव लिहिलंय, तर त्यांच्यावरही त्याला संशय येतोय. शिकलंय ना ते! जिथे सही बाईची, तिथे मालक नवरा.” ती जराशी हसली आणि मग हसायची थांबली. “मला वाईट वाटलं, काका. मला वाटायचं या बायका खरंच काहीतरी चालवतायत.”

“पुढे काय होणार यांचं?” सरांनी विचारलं.

“पंधरा तारखेला नोंदवही पक्की होणार. ज्या नामधारी ठरल्या त्यांची नावं कमी होतील, दहा वर्षं कुठल्याही कंपनीत पद नाही. महिला कंपनी म्हणून मिळालेल्या शेड, जागा परत घेतल्या जातील.”

सरांनी ठिपक्यांच्या यादीवरून बोट फिरवलं. ‘मालदांडी महिला भाकरी उत्पादक कंपनी, मंगळवेढा.’ ते उठून जागेवर गेले आणि स्वतः संपादन केलेला प्राधिकरणाचा परिभाषाकोश उघडून ‘मालक’चं पान पुन्हा पुन्हा वाचत बसले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकी क्रमांक चारवर आवाज चढला. पांढरा सदरा आणि टोपी घातलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ खिडकीत डोकं घालून बोलत होते. काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

“मी मालक न्हाय, एवढंच लिवून घ्या की साहेब.”

खिडकीपलीकडचा तरुण कारकून कंटाळला होता. “बाबा, खरे मालक असंच म्हणतात. तुम्ही नाकारलंत की यंत्रात ‘लपवतोय’ अशी खूण पडते.”

“बरं, मग मी म्हनलो मालक हाय, तर?”

“तर नोंद बरोबरच आहे.”

“म्हंजे कसंबी मीच!” गृहस्थांनी रांगेकडे वळून दाद मागितली. रांग हसली. “आवो, बँक मला इचारल्याबिगर एक पान हलवू देईना. ज्वारीचा ट्रक दारात हुबा, आन् माझा अंगठा टेम्पोसंगं लातूरला! आमची मालकीण दिवसभर माझ्या अंगठ्याची वाट बघत बसती.”

कारकून एकदम सावध झाला. “मालकीण? म्हणजे मालकीण दुसरीच आहे? नाव सांगा तिचं.”

“आवो, मालकीण म्हंजे बायको!”

“मग तुम्ही मालक.”

“व्हय, मी मालकच की तिचा. पर कंपनीचा न्हाय!”

आता रांगच काय, पहारेकरीही हसत होता. तरन्नुम मात्र हसली नाही. ती मागच्या दारात कागद हातात धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळत होतं. तिने वळून रणपिसे सरांकडे बघितलं. सरांची मान खाली गेली होती.

“काका,” ती हलकेच म्हणाली, “तिकडे मालक म्हणजे नवरा?”

सरांनी मान हलवली.

“तुम्हाला माहीत होतं?”

सरांनी पुन्हा मान हलवली.

तिने गृहस्थांना आत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी गाठोडं सोडून कागदासारख्या पातळ, तीळ लावलेल्या भाकऱ्या टेबलावर ठेवल्या. “घ्या. दातं सांभाळून. महिनाभर टिकत्यात, म्हनून तर दिल्लीपातूर जात्यात. मला इचारलं तर मी म्हनंन, अजून दोन भट्ट्या लावा. पर ती न्हाय म्हनती. म्हनती, हाताची भाकरी हातानंच. सपलं. पुन्हा कुनी काडत न्हाय तो इषय.” घोटभर चहा पिऊन ते पुढे म्हणाले, “तिनं हितल्या एका सरांस्नी पत्र लिवलं हुतं. शाळंतलं सर तिचं. रोज पोस्टमनला इचारायची. मग इचारायची बंद झाली.”

“का?” तरन्नुमने विचारलं.

“तिला वाटलं, सर वारलं. मानूस लई चांगला हुता म्हनं, असता तर उत्तर दिल्याबिगर ऱ्हायला नसता. सुतक धरल्यागत दोन दिस गप हुती.”

सरांच्या गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. ते त्यांनी नकळत उलटं केलं. पण तेवढ्यात त्या गृहस्थांनी, महानंदाच्या सिद्रामरावांनी, ते वाचलं होतं. त्यांनी एकदा नावाकडे आणि एकदा सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. सरांना वाटलं, आता हा माणूस उठून जाईल. निदान एक शिवी तरी देईल.

“हाईसा व्हय!” सिद्रामराव म्हणाले, आणि त्यांचा सगळा चेहरा हसला. “बरं झालं बाबा! सांगतो तिला जाऊन, जित्तं हाईत म्हनून.”

*

बैठक सोमवारी होती. आयुक्त कांचन लोहकरे टेबलाच्या टोकाला, दोन्ही बाजूंना उपायुक्त, आणि भिंतीलगतच्या खुर्च्यांवर सल्लागार. तरन्नुमने आधी मांडणी केली: फॉर्मवरचा एक शब्द हजारो बायकांनी वेगळ्या अर्थाने वाचला, उगम त्या उत्तरांवरून शिकलं, आणि आता ते जे सांगतंय तो शोध नसून एका गैरसमजाचा प्रतिध्वनी आहे.

एक उपायुक्त म्हणाले, “हा तुमचा अंदाज झाला. मालक म्हणजे मालक. शेंबड्या पोरालाही कळतं. बायका नाव लपवायला आता ही सबब सांगणार.”

तेव्हा रणपिसे सर उभे राहिले. हातातलं कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं.

“शब्द माझा आहे,” ते म्हणाले. “आणि चुकीचा आहे. मला याचा अर्थ ठाऊक होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मीच टिपून ठेवलाय, बघा. मला अकरा महिन्यांपूर्वी एका बाईंनी पत्राने ही चूक कळवली. मी… मी ते कुणाला दाखवलं नाही.”

आयुक्तांनी कार्ड उचलून वाचलं. वाचताना त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. “माझी आजी सांगोल्याची,” त्या म्हणाल्या. “‘मालक जेवले का’ म्हणायची. मलाही आठवायला हवं होतं.” मग कार्ड खाली ठेवून कामाच्या आवाजात विचारलं, “ठीक आहे. पर्यायी शब्द द्या.”

“शब्द नाही, मॅडम.” सरांना स्वतःचाच आवाज परका वाटत होता. “आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीला एक शब्द शोधला. इथे शब्द नको, प्रश्न हवा. उगम बाकीच्यांना जे न बोलता विचारतं, तेच यांना बोलून विचारायचं. ‘तुमच्या कंपनीत कोणी नको म्हटलं की काम थांबतं? तिचं किंवा त्याचं नाव लिहा.’”

“आमच्या कचेरीत लिहायचं झालं तर नाईक शिपायाचं लिहावं लागेल,” दुसरे उपायुक्त पुटपुटले, आणि खोलीतला ताण जरा सैल झाला.

आयुक्त हसल्या नाहीत. “पंधरा तारीख बदलणार नाही. नऊ दिवस आहेत. या कंपन्यांना नवा प्रश्न पाठवा. संचालकांची उत्तरं आणि अध्यक्षांचं स्वतःचं उत्तर जुळलं, तर नोंद बदलेल. पण झालेली नोंद पुन्हा उघडायला नियमाने एक कागद लागतो, रणपिसे. मजकूर सदोष होता असं तो लिहिणाऱ्याचं निवेदन. ते लागलं की परिभाषाकोशावर संपादक म्हणून तुमचं नाव राहणार नाही. कोश छपाईला गेलाय, माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” सर म्हणाले, आणि पेन मागितलं. त्यांचं स्वतःचं खिशातच होतं, पण ते त्यांना सुचलं नाही.

*

पाचव्या दिवसापर्यंत सात हजार कंपन्यांची उत्तरं आली. जुनी उत्तरं वगळून तरन्नुमने उगमला पुन्हा शिकायला बसवलं, आणि नकाशावरचे राखाडी ठिपके एकामागून एक हिरवे होऊ लागले. उत्तरांची भाषा वाचायला ती सरांना बोलावून घेई. कुणी लिहिलं होतं, ‘सासूबाई, पण त्या आता ऐकत नाहीत त्यामुळे मीच.’ कुणी, ‘शेवंता. ती नुसती बघते.’ मल्लिनाथरावांच्या गौराबाईने या वेळी उखाणा न घालता दोनच शब्द लिहिले होते, ‘महानंदा अक्का.’ मालदांडी कंपनीच्या अकराही संचालकांचं उत्तर तेच होतं.

पण तो ठिपका राखाडीच होता. अध्यक्षांची चौकट रिकामी होती.

सरांनी दोन वेळा फोन उचलून ठेवला. तिसऱ्या वेळी तरन्नुमनेच नंबर लावून त्यांच्या हातात दिला. टेम्पोचा आवाज ऐकू आला, मग सिद्रामरावांचा.

“सर, ती लिवीनाच बघा. मी लई सांगितलं.”

“पण का? चारच दिवस उरलेत. त्यांनी लिहिलं नाही तर—”

“ते समदं म्हाईत हाय तिला. ती म्हनती, मागल्या टायमाला सरांचं नाव बघितलं आन् इस्वासानं चौकटीत लिवलं. त्यानं एकशे बारा जनींच्या पोटावर पाय आला. आता पुन्हा सरकारनं नवी चौकट धाडलीया. सरांनी समजावून लिवल्याबिगर मी पेन उचलत न्हाय.”

“मी आत्ता बोलतो त्यांच्याशी. द्या फोन.”

पलीकडे काही कुजबुज झाली. मग सिद्रामराव जरा ओशाळून म्हणाले, “न्हाय म्हनती. फोनवर समदीच ग्वाड बोलत्यात म्हनती. पत्राचं उत्तर पत्रानंच पायजे.” आणि मग, जणू माफी मागावी तसं, “तिनं नको म्हनलं की झालं, सर. तुमीच तर तसं इचारलंय फॉर्मात.”

सरांनी फोन ठेवला. तरन्नुम त्यांच्याकडे बघत होती. “काका,” ती म्हणाली, “तुम्ही घरी जा. मी सांगते सगळ्यांना, बरं नाहीये म्हणून.”

*

पहिला खर्डा ‘संदर्भ: आपले पत्र’ असा सुरू झाला. तो त्यांनी फाडला. दुसऱ्यात ‘सौ. महानंदा सिद्राम बिराजदार यांस’ असं लिहिलं आणि पेन थांबलं. ‘सौ.’ म्हणजे नवरा असलेली. नाव सुरू व्हायच्या आधी नवरा, नाव झाल्यावर पुन्हा नवरा, आणि ती मधे. ‘चिरंजीव’ लिहावं, तर अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला? तिसरा कागद घेऊन ते खिडकीशी बसले. उन्हं टेबलावरून खाली उतरेपर्यंत एक ओळही आली नाही. मग एकदम लिहायला लागले आणि मधे थांबले नाहीत.

“महानंदा,

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. मी वारलो नव्हतो, लाजत होतो.

चूक माझी आहे. तुझ्या आईच्या तोंडून तो शब्द मी ऐकला होता, लिहून ठेवला होता आणि विसरलो होतो. माहीत नसणाऱ्याची चूक समजून घेता येते. मला माहीत होतं. आणि तुझं पत्र आल्यावरही मी गप्प राहिलो, ही दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

आणखी एक सांगायचं आहे, तुला कधीच कळलं नसेल. नववीत तुझं नाव शाळेतून काढलं, तेव्हा तुझ्या वडिलांशी बोलायला मी निघालो होतो. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. ओट्यावर चार माणसं बसली होती. मी काय म्हणून जायचं, कोण मी, असं मनात आलं आणि वळलो. बोललो असतो तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण वळून गेलेला माणूस आयुष्यभर वळतच राहतो, एवढं मला कळलं आहे. म्हणून हे पत्र चांगलं उतरलेलं नसतानाही आज टाकतो आहे.

नव्या फॉर्मवर एकच प्रश्न आहे. तो मी लिहिला आहे, आणि या वेळी तरन्नुम मुजावर नावाच्या एका हुशार मुलीने तपासला आहे. त्यात फसवणूक नाही. कोणी नको म्हटलं की काम थांबतं, असं विचारलं आहे. तुझ्या सगळ्या मैत्रिणींनी उत्तर दिलं आहे. ते बरोबर आहे की नाही, हे तूच सांगायचं. बरोबर असेल तर तुझं नाव लिही. तुझ्या नावापुढे कुणाचं नाव जोडायचं असेल तर जोड, नसेल तर नको. पंधरा तारखेच्या आत लिही, एवढीच विनंती.

चौकटीत दुसरा कोणता शब्द हवा होता, असं तू विचारलं होतंस. मला अजून सापडलेला नाही. तुला सुचला तर कळव. या वेळी उत्तर देईन.

उल्हास रणपिसे

ता. क. भाकरी खाल्ली. कडक आहे.”

सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. आत एकच खिडकी माणसाची होती, बाकीची यंत्रं. ते माणसाच्या खिडकीपाशी गेले.

“मंगळवेढ्याला परवापर्यंत पोचेल का?”

“स्पीड पोस्टने उद्याच पोचेल.” खिडकीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. “आत काय आहे?”

“पत्र.”

“पत्र म्हणजे? कागदपत्रं, वस्तू, औषध?” त्यांनी पडद्यावरची यादी खाली सरकवली, पुन्हा वर सरकवली. “पत्र असं काही नाहीये यात. कागदपत्रं लिहू?”

एरवी सरांनी मान डोलावली असती. “नको,” ते म्हणाले. “पत्रच आहे ते.”

बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं, सुस्कारा सोडला आणि रिकाम्या रकान्यात एकेक अक्षर टाइप केलं. चिठ्ठी छापून पाकिटावर चिकटवली आणि न बघता पाठीमागच्या पिशवीत टाकली. पाकीट कापडावरून घसरत तळाशी गेलं.

सर तिथेच उभे राहिले. मागचा माणूस खाकरला. एक जण आतून आला, त्याने पिशवीचं तोंड आवळलं, गाठ मारली आणि ती खांद्यावर टाकून मागच्या दाराने बाहेर नेली. गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला.

“बाबा, गेलं ते,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “आता परत नाही मिळायचं.”

“हो,” सर म्हणाले. “तेच बघत होतो.”